मंगळवारची मोडतोड

मंगळवारची संध्याकाळ झाली की प्रशिक गजभिये आपल्या धडधाकट चालणाऱ्या प्रोग्रामची एक तंगडी मोडून ठेवायचा. रायपुरच्या पुरानी बस्तीतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, खालच्या देवळातली आरतीची घंटा ऐकू येत असताना, हा माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन आपल्याच कामात चूक पेरत बसायचा आणि ती नीट बसली की समाधानाने कुकर लावायचा. बुधवारी ती मोडकी तंगडी घेऊन नवा रायपुरची बस पकडायचा. लोक आपल्या चुका झाकायला काय काय खटपटी करतात. या पठ्ठ्याचं सगळंच उलटं.

कोणी पाहिलं असतं तर डोकं फिरलंय म्हटलं असतं. पण पाहायला खोलीत दुसरं होतं कोण?

प्रशिकचे वडील तुळशीराम रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते आणि शांताबाई महाराष्ट्रात आमगावला, गावच्या घरी गेले. नवा रायपुरच्या संस्थेतली पीएचडी अर्धी राहिलेली, म्हणून प्रशिक मागे राहिला. आईबापांबरोबर ट्रकमध्ये कपाट गेलं, पलंग गेला आणि मराठीही गेली. दूधवाला, घरमालक, बसचा कंडक्टर, संस्थेतला गार्ड, सगळ्यांशी हिंदी. गाइडशी इंग्रजी. संध्याकाळी आईचा फोन यायचा. जयभीम, जेवला का, काय खाल्लं, बरं ठेवते. तेवढ्यात जी काय मराठी होईल ती. त्याच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेतले बाकीचे स्कॉलर एकेक करून थीसिस देऊन निघून गेले होते. आता तिथे तो होता आणि एक पाण्याचे नमुने ठेवायचा फ्रीज होता. फ्रीज थोडा तरी आवाज करायचा.

मित्र करायचे होते, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं काय जातं! तुळशीरामांनी पोराला एक गोष्ट पक्की शिकवली होती. कोणापुढे हात पसरायचा नाही. शेजारच्या क्वार्टरमधून विरजणसुद्धा आणायचं नाही. ज्या गावातून ते आले होते तिथे मागणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते त्यांनी लहानपणी ऐकलेलं होतं. प्रशिकला तसं कधी ऐकावं लागलं नाही, पण सवय मात्र त्याने बापाकडून जशीच्या तशी घेतली. एखाद्याला ‘बस ना थोडा वेळ’ म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. लोक त्याला शांत मुलगा म्हणायचे आणि आपापल्या वाटेने जायचे.

त्याचा विषय होता विहिरी. छत्तीसगडातल्या गावोगावच्या विहिरींची पाण्याची पातळी, कितीतरी वर्षांची मापं. एवढी, की साधी शीट उघडताना लॅपटॉप मान टाकायचा. गाइड म्हणाले, “प्रोग्रामिंग शिकून घ्या,” आणि परिषदेला निघून गेले. येताना कोथिंबीर आणा म्हणावं, त्या सुरात म्हणाले.

नशिबाने त्याच वर्षी संस्थेने एक नवी रीत सुरू केली. ज्या रिसर्च स्कॉलरांना प्रोग्रामिंग येतं, त्यांनीच बाकीच्यांना शिकवायचं. त्यांना सगळे मेंटर म्हणत. दर बुधवारी दुपारी सेमिनार हॉलमध्ये सगळे जमत. नियम दोनच होते. मेंटरने शिकणाऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही. विचारायचं, सुचवायचं, टाइप मात्र ज्याचं त्यानेच करायचं. आणि प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या मिळत, एक लाल आणि एक हिरवी. अडलं की लॅपटॉपच्या पाठीवर लाल चिकटवायची. मेंटर येतो आणि सुटेपर्यंत शेजारी बसतो. सुटलं की हिरवी, आणि मेंटर दुसऱ्याकडे. तोंडाने काही मागायचं कामच नाही. प्रशिकला हा नियम फार म्हणजे फारच आवडला.

पहिल्याच बुधवारी त्याची लाल चिठ्ठी पाहून जो येऊन बसला तो स्वानंद देशकर. कॉम्प्युटर विभागातला, प्रशिकपेक्षा चांगला तीन-चार वर्षांनी लहान, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप ठेवणारा. आडनाव वाचून म्हणाला, “गजभिये? मतलब आप मराठी हो, भैया?”

“हव. अन् तू?”

“मैं भी. घर में आई-बाबा बोलते हैं. समझता सब है, बोलते टाइम अटक जाता हूँ.”

प्रशिकच्या स्क्रीनवर मोठा चमत्कार झाला होता. ऐन मे महिन्यात विहिरी तुडुंब. स्वानंदने बडीशेप चघळत आलेख पाहिला.

“भैया, मई में आपके कुएँ भर जाते हैं क्या?”

“मे महिन्यात कायच्या भरतात बाप्पा! गाळ दिसते.”

“तो मशीन कौन सी तारीख पढ़ रही है? पूछो उसको.”

पाच ऑगस्टला घेतलेलं माप यंत्राने आठ मे समजून वाचलं होतं. दिवस आणि महिना यांची अदलाबदल. एवढंसं सापडायला अख्खा तास गेला, कारण स्वानंद काही केल्या उत्तर सांगेना. नुसते प्रश्न विचारी. शेवटी प्रशिकला स्वतःलाच ते दिसलं, तेव्हा हा पोट्टा “अरे वा!” म्हणून असा ओरडला की सगळ्या हॉलने वळून पाहिलं, आणि त्याने प्रशिकच्या पाठीत धपाटा घातला. प्रशिकच्या पाठीवर कितीतरी महिन्यांत कोणाचा हात पडला नव्हता. बसमध्ये तेलीबांध्याचा थांबा येईपर्यंत तो त्या धपाट्याचाच विचार करत होता.

पुढचे काही आठवडे चुका आपसूक होत राहिल्या. काही आणायची गरज नव्हती, पिकत होत्या. स्वानंद यायचा, बसायचा, प्रश्न विचारायचा. मधल्या वेळात गप्पा. प्रशिकने त्याला सांगून टाकलं, “तू माझ्याशी मराठीत बोल. चुकलं तर मी सांगतो.” मग स्वानंद याला प्रोग्राममधल्या चुका काढायला लावी आणि प्रशिक त्याच्या वाक्यातल्या काढी. स्वानंदची मराठी सुरुवातीला भलतीच लंगडत होती, पण पोराला हौस होती. महिन्याभरात तो “भैया, हे काहून असं करून राहिलं?” असं ठसक्यात विचारू लागला. त्याने सांगितलं, की बाबांना, म्हणजे अनंतरावांना, त्याने पुण्यातल्या कंपनीत जावं असं वाटतं. त्याला स्वतःला मात्र कॉलेजात शिकवायचं होतं. “मले मजा येते भैया, कोणाला समजलं ना, तर त्याचं थोबाड पाहायला.” प्रशिक हसला. थोबाड म्हणू नये, चेहरा म्हणावं, हे त्याने मुद्दाम सांगितलं नाही.

आणि मग एक बुधवार असा उजाडला की प्रशिकजवळ चूकच नव्हती. आदल्या रात्री सगळं सुरळीत चाललं होतं. त्याने प्रामाणिकपणे हिरवी चिठ्ठी लावली. स्वानंदने लांबूनच अंगठा दाखवला, “बढ़िया, भैया!” आणि तो तासभर पलीकडच्या रांगेतल्या मुलीजवळ बसला. प्रशिक आपला आलेख पाहत राहिला. बस आली, तो चढला, उतरला, खोलीत आला. आईचा फोन आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपला आवाज आपण ऐकलेलाच नाही. घसा खाकरून ‘जयभीम’ म्हणावं लागलं.

त्याच्या पुढच्या मंगळवारी त्याने पहिली तंगडी मोडली.

सुरुवातीला त्याचा हात कच्चा होता. फाइलचं नाव चुकीचं लिहिलं, तर स्वानंदने पाच मिनिटांत प्रश्न विचारून ते काढवून घेतलं आणि तो उठून गेला. फारच अवघड करावं, तर तो दुसऱ्या मेंटरला हाक मारणार. चूक अशी हवी, की तास भरेल पण तासाच्या आत सुटेल. हे माप जमायला त्याला प्रोग्रामिंगची पुस्तकं वाचावी लागली, इंटरनेटवरचे लोकांचे घोळ धुंडाळावे लागले. आरंग या गावाच्या नावापुढे एक रिकामी जागा सोडून द्यायची, मग यंत्र एका आरंगची दोन गावं करतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. असल्या खोड्या शिकता शिकता तो प्रोग्रामिंगमध्ये इतका पटाईत झाला की गाइडला हवे होते ते सगळे आलेख त्याने कधीच करून पाठवले होते, आणि गाइडने ‘गुड’ असं उत्तरही दिलं होतं. बुधवारी मात्र तोच प्रशिक डोकं खाजवत, ततपप करत बसायचा. “काय माहीत गड्या, काल तर चालून राहिलं होतं.”

त्याला लाज वाटत होती. वाटत नव्हती असं नाही. पण त्याला हेही पक्कं ठाऊक होतं, की ज्या दिवशी हिरवी चिठ्ठी कायमची लागेल त्या दिवशी हा तास जाईल, आणि मग आठवड्यात वाट पाहण्यासारखं काही उरणार नाही. एक तास. तेवढ्यासाठी तो खोटं बोलत होता, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

बिघडत होतं. थंडी संपता संपता एका बुधवारी, तास झाल्यावर, स्वानंद उठला नाही. खिशातली बडीशेपही त्याने काढली नाही.

“भैया, एक सांगायचं होतं. मी मेंटरमधून नाव काढून घेतलं.”

“काहून?”

“स्वरदा मॅडमनी बोलावलं होतं.” स्वरदा मॅडम म्हणजे हे बुधवारचं सगळं पाहणाऱ्या प्राध्यापिका. “त्या म्हणाल्या, सगळ्यांची माणसं पुढे गेली, तुझा एकच माणूस तिथल्या तिथं काहून आहे? मी म्हटलं, मॅडम, त्यांची गलती नाही. माणूस हुशार आहे, मेहनत करते. मलेच समजावता येत नाही.” तो टेबलाच्या कडेला नखाने खरवडत होता. “सही बात आहे ना भैया. इतके महिने झाले, दर बुधवारी तुम्ही अडकलेलेच. मी घरी जाऊन विचार करतो, आज कोणता सवाल चुकीचा विचारला. एक माणूस नाही शिकवता आला, तर कॉलेजात साठ पोट्टे कसे शिकवीन? कंपनीवाल्यांना परवा शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे. हो म्हणून देतो. बाबा पण खूश होतील.”

आत्ता सांगावं, याच क्षणी. वाक्य तोंडाशी आलं आणि त्याने ते गिळलं. “अरे, तसं नाही,” एवढंच पुटपुटला. स्वानंदने हसून मान हलवली, मोठ्या माणसाने समजूत काढली की हलवतात तशी, आणि तो गेला.

नवा रायपुरचे ते लांबरुंद रस्ते बसमधून जाताना प्रशिकला कधी एवढे रिकामे वाटले नव्हते. खोलीवर येऊन त्याने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. मेसेज केला, “झालं रे! तू म्हणाला तसं करून पाहिलं, सगळं चालून राहिलं.” थोड्या वेळाने उत्तर आलं. “भैया, दिल रखने के लिए थैंक यू.” पुढे जोडलेले हात. आईचा फोन त्या दिवशी त्याने उचलला नाही. उचलला असता तर ती ‘काय खाल्लं’ विचारणार होती आणि त्याने काहीच खाल्लं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटर विभागाच्या जिन्याने वर गेला. कोणाच्या दारात आपणहून जाऊन उभं राहायची त्याची ही पहिलीच वेळ. स्वानंद एकटाच होता.

“दहा मिनिटं बस माझ्याजवळ,” प्रशिक म्हणाला. “काही विचारू नको. फक्त पाह्य.”

त्याने प्रोग्राम चालवला. एकामागून एक जिल्हे उमटत गेले. पावसाळ्यात चढणाऱ्या, उन्हाळ्यात खाली जाणाऱ्या रेघा, एकही वाकडी नाही. स्वानंदचे डोळे मोठे झाले. “भैया! हे कधी झालं?”

“दिवाळीच्या आधी.”

स्वानंदला काही उमगलं नाही. मग प्रशिकने त्याच्यासमोर आरंगपुढे रिकामी जागा टाकली. यंत्राने दोन आरंग केली. ती काढली. दुसरीकडे प्रोग्राममधली एक ओळ दोन अक्षरांएवढी आत सरकवली. सगळी बेरीज बिघडली. ती जागेवर आणली. प्रत्येक मोडतोडीबरोबर तो सांगत होता, हे कोणत्या मंगळवारी मोडलं, बुधवारी तू मला काय विचारलं होतंस, आणि मी काय न समजल्याचं सोंग केलं होतं. आधी स्वानंद हसला, त्याला हा काहीतरी खेळ वाटला. मग हसू हळूहळू विरलं. शेवटच्या एक-दोन चुकांपर्यंत तो स्क्रीनकडे पाहतही नव्हता.

“क्यों?” त्याने विचारलं. काहून म्हणाला नाही.

प्रशिकने खाली मान घालून सांगितलं, “चूक असली की तू येऊन बसत होता. नसली की नव्हता बसत. मले दुसरं कोणी नाही इथं बोलायले.”



“मैं घर जाके रोया हूँ, भैया,” स्वानंद म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “आई को बोला कि मेरे में वो बात ही नहीं है. और आप मंगळवार को बैठ के ये बना रहे थे. मेरे लिए.” इतक्या महिन्यांची मराठी त्याने एका झटक्यात आवरून आत ठेवली होती. प्रशिकला ते थपडेसारखं लागलं. थप्पड चालली असती.

“तुले शिकवता येते, स्वानंद. तेच सांगायले आलो. कंपनीले हो म्हणू नको.”

“एक भी गलती असली थी?”

“पहिल्या सगळ्या. मे महिन्यातल्या विहिरी खऱ्या होत्या, मले काहीच येत नव्हतं. अन् आज जे मोडून दाखवलं ना, तसं मोडता यायले जे लागते, ते तुझ्याजवळच शिकलो. तू उत्तर सांगितलं असतं तर नसतं आलं.”

स्वानंद खुर्चीच्या पाठीवर रेलला. नाक ओढलं. मग म्हणाला, “कंपनी को मना कर दूँगा. वो मैं देख लूँगा, आप उसका मत सोचो. मॅडमलाही सांगतो.” शेवटचं वाक्य मराठीत आलं हे त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. तो उठला, बॅग खांद्याला लावली आणि दारापाशी थांबला.

“भैया, एक बात बोलूँ? नुसतं म्हटलं असतं ना, चाल चहा पिऊ, तर मी आलो असतो. कधीपण. मैं भी तो यहाँ अकेला ही खाता हूँ.”

इतके महिने हा पोरगा याच इमारतीत, याच जिन्याच्या वर, एकटाच डबा खात होता, आणि आपण खाली फ्रीजजवळ एकटेच बसत होतो आणि खोलीवर जाऊन गावांची नावं बिघडवत होतो. त्याला स्वतःचा संताप आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

“मग आता चलतो का?” त्याने विचारलं. “चहाले?”

आयुष्यात त्याने कोणाला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं.

स्वानंदने त्याच्याकडे नीट पाहिलं. क्षणभर वाटलं, येतो.

“आज नाही, भैया,” तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

प्रशिक त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत दारात उभा राहिला. रडू आलं, ते त्याने येऊ दिलं. मग तोंड धुऊन तो खाली रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला, एक चहा सांगितला आणि दोघांना पुरेल एवढ्या बाकाच्या एका टोकाला सरकून बसला.